लाभ, दोन, तीन

कानिफनाथ शिरसाट कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम लिहितो, हे मला शेवगावात आल्यावर तिसऱ्या दिवशी कळले. कॉम्प्युटर मी तोवर फक्त वर्तमानपत्रातल्या चित्रात पाहिला होता. शेवगावात त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती.

१९७२ चा नोव्हेंबर होता. मी नगरहून बी.ए. करून इथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला आलो होतो. कानिफ त्याच शाळेत गणित शिकवी. दोघांच्याही जागा हंगामी होत्या. त्याच्या घरातली पुढची खोली मला राहायला मिळाली. मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याचे वडील कारभारीआबा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो ओट्यावर बसला होता. मांडीवर हिरव्या चौकटींचा कागद. एकेका चौकटीत तो पेन्सिलीने एकेक इंग्रजी अक्षर भरत होता.

"शब्दकोडं का?" मी विचारले.

"कोडंच आहे. शब्दांचं नाही."

मग त्याने सांगितले. तो सांगत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. समोरच्या रस्त्याने एक बैलगाडी टँकरवर भरलेले पाण्याचे पिंप घेऊन गेली. तो म्हणत होता, पुण्यातल्या एका गार खोलीत एक मशीन आहे, आणि या कागदावर जे लिहीन ते ते करतं.

कानिफ इंटरला नापास झाला होता. पुढे पुण्याला जाऊन एका संगणक केंद्रात लागला. काम कार्डांना भोके पाडण्याचे. प्रोग्रामर लोक हिरव्या कागदावर लिहीत, कानिफ ते मशीनवर कार्डांत उतरवी. एका ओळीला एक कार्ड. अर्थ कळण्याची गरज नव्हती. चार वर्षांत त्याला तो कळू लागला. एकदा त्याने एक कागद परत नेऊन दिला आणि म्हणाला, बाई, हे कधी थांबणारच नाही. बाईंनी कागद पाहिला. खरेच तो प्रोग्राम गोल गोल फिरत राहिला असता. त्या पुष्पावतीबाई आगाशे. केंद्रातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर. त्यांनी त्याला घरचे पुस्तक वाचायला दिले.

मग इकडे आई गेली. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. कानिफ परत आला.

पण धागा तुटला नव्हता. दर शनिवारी दुपारी केंद्रातले मशीन दहा मिनिटे मोकळे असे. ती दहा मिनिटे प्रोग्रामर लोकांनी खेळायला मागून घेतली होती. पुण्या-मुंबईचे चौदा जण त्या खेळात होते. महिन्याला एक कोडे निघे. सायक्लोस्टाइल केलेला एक कागद सगळ्यांना पोस्टाने जाई. उत्तर म्हणजे प्रोग्राम. तो वीस कार्डांत बसला पाहिजे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांची कार्डे एकदाच मशीनवर चालत. चुकले तर बाद. दुसरी संधी नाही.

"बक्षीस काय?" मी विचारले.

"पुढच्या महिन्याचं कोडं घालायचा मान."

"बस?"

"तेवढ्यासाठी लोक झोपत नाहीत."

त्याच्यासाठी मात्र आणखी एक गोष्ट होती. केंद्रात दर जुलैला नवे प्रोग्रामर घेण्याची परीक्षा असे. तिला पदवी लागे. पुष्पावतीबाईंनी वरिष्ठांकडून एक सवलत मिळवली होती. सलग तीन कोडी बरोबर सोडवील त्याला पदवीशिवाय परीक्षेला बसता येईल. सवलत कोणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होते. नोव्हेंबरचे कोडे कानिफने सोडवले. डिसेंबरचेही.

जानेवारीचे कोडे आले. ते मला समजले, म्हणजे कोणालाही समजेल. एक आकडा घ्या. तो सम असला तर निम्मा करा. विषम असला तर तिप्पट करून एक मिळवा. जे येईल त्याचे पुन्हा तसेच. शेवटी एक उरेपर्यंत. त्या साखळीत एकूण किती आकडे आले ते प्रोग्रामने सांगायचे.

कानिफला प्रोग्राम लिहायला दोन दिवस लागले. अकरा कार्डे झाली. आता तो तपासायचा कसा? मशीन सव्वाशे मैलांवर.

"आपलं मशीन आहे की," तो म्हणाला. "उद्या चल, दाखवतो."

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि तो मला बाजाराच्या आवारात घेऊन गेला. त्या वर्षी आवारात धान्य नव्हते. मागल्या वर्षीची ज्वारी संपली होती आणि या वर्षीची उगवलीच नव्हती. तोलकाट्याला गंज चढू नये म्हणून गोणपाट बांधले होते. कडुनिंबाखाली माणसे मात्र रोज येऊन बसत. सवयच होती. कारभारीआबा तिथे काठी टेकत येत. ते जुने मापाडी. चाळीस वर्षे त्यांनी खळ्यांवर आणि इथे पायलीने धान्य मापले होते. लालमहंमद हमाल होता. आक्काबाई सांडलेले धान्य पाखडून देई. तिघांनाही काम नव्हते.

कानिफने शाळेतून आणलेल्या पाट्या वाटल्या.

"नियम एकच," तो म्हणाला. "मी सांगीन तेवढंच करायचं. आपलं डोकं चालवायचं न्हाई."

"मग आमी बराबर जागी आलो," लालमहंमद म्हणाला. "आक्काबाई, तुला जड जाईल."

"मुकाट पाटी धर."

प्रत्येक माणूस म्हणजे मशीनमधला एक खण. लालमहंमदच्या पाटीवर आकडा. हिशेब त्याने करायचा, कारण तो चौथी शिकला होता. आक्काबाईने फक्त एकी का बेकी ते सांगायचे. आबांनी मोजायचे. त्यांना पाटी दिसत नसे, म्हणून त्यांच्यापुढे धोतराचा तुकडा पसरला आणि बाजूला चिंचोक्यांचा ढीग ठेवला. एक वाढवा म्हटले की एक चिंचोका फडक्यावर.

"आन मास्तर काय करनार?" लालमहंमदने विचारले.

"ते वायर. हिकडचा आकडा तिकडं न्यायचा."

"पंधरा-सोळा वर्सं शिकून वायर. आमच्या पोराला शाळंतून काढतो मग."

कानिफने कागद हातात घेतला.

"आबा, तुमचा खण रिकामा."

आबांनी फडक्यावरून हात फिरवला.

"लालमहंमदभाई, तुमच्या खणात सात."

"सात," लालमहंमद म्हणाला आणि त्याने पाटीवर लिहिले.

आबांनी ढिगातला एक चिंचोका उचलला. फडक्यावर ठेवला. मान थोडी वर केली आणि म्हणाले, "लाभ."

धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. मग दोन, तीन. हे मला ठाऊक होते. पण मापाड्याच्या तोंडून मी ते पहिल्यांदाच ऐकले. आबांचा आवाज गाण्याचा नव्हता आणि बोलण्याचाही नव्हता. कडुनिंबाखाली बसलेली बाकीची माणसे आमच्याकडे वळली.

"लई दिसांनी ऐकलं," आक्काबाई म्हणाली.

कानिफ हसला. मी सात हा आकडा घेऊन आक्काबाईकडे गेलो.

"एकी."

"एकी, म्हणून तिप्पट करून एक मिळवा," कानिफने वाचले. "आबा, एक वाढवा."

"बावीस," लालमहंमद म्हणाला.

"दोन," आबा म्हणाले.

बावीस बेकी. अकरा. अकरा एकी. चौतीस. मी फेऱ्या मारत होतो. आकडा बावन्नपर्यंत गेला.

"ह्यो आकडा येडा हाय," लालमहंमद म्हणाला. "खाली जातो म्हनतो आन वर पळतो."

"तुज्यासारखा," आक्काबाई म्हणाली. "बेकी हाय. कर निम्मा."

सव्वीस. तेरा. चाळीस. वीस. दहा. पाच. सोळा. मग आठ, चार, दोन आणि एक. एक आल्यावर कानिफ म्हणाला, "थांबा. आबा, तुमच्या खणात किती?"

"सतरा."

कानिफने कागदाच्या मागे साखळी लिहून ठेवली होती. त्याने बोटाने मोजले. सातपासून एकपर्यंत आकडे सतरा.

"बराबर?" आबांनी विचारले.

"बराबर."

आबांनी चिंचोके गोळा केले. ते पुन्हा पुन्हा विचारीत होते, "म्हंजे मशीनबी आसंच करतं?" कानिफ हो म्हणाला. त्या दिवशी घरी येताना ते काठी न टेकता चालले. कागद सोमवारी रजिस्टरने पुण्याला गेला.

महिनाअखेरीस पोस्टकार्ड आले. पुष्पावतीबाईंचे अक्षर बारीक होते.

'मशीनला सत्तावीस हा आकडा दिला होता. तुझे उत्तर १११. खरे ११२. बाद. प्रोग्राम अकरा कार्डांत बसवलास हे छान. पण बाद.'

कानिफने कार्ड शाळेतच वाचले. पुढचा तास त्याने घेतला. घरी आल्यावर हिरवा कागद काढून बसला. ओळीओळीवरून पेन्सिल फिरवली. चार वेळा. मी समोर बसलो होतो. जुलैची परीक्षा गेली, असेच मला वाटले.

"माणसांवर सतरा आले," तो म्हणाला. "बरोबर आले. मग मशीनवर एक कमी कसा?"

आबा आत होते. त्यांनी ऐकले.

"कानिफ, मशीन काय म्हनलं?"

कानिफ म्हणाला, "येक कमी आलं, आबा."

"मग लाभ इसरलं आसंल ते."

कानिफची पेन्सिल थांबली. तो उठून आत गेला. मीही गेलो.

"आबा, त्या दिवशी सात म्हनल्यावर तुमी काय केलं?"

"माप समोर आलं. लाभ म्हनलो. चिंचोका ठिवला."

"मी वाढवा म्हनलो नव्हतो."

"माप समोर आल्यावर कुनी सांगावं लागतं व्हय?"

कानिफ जमिनीवर बसला. मला दोन मिनिटांनी समजले. प्रोग्रामात रिकाम्या खणापासून सुरुवात होती. आकडा बदलला की एक वाढवायचा. सातपासून एकपर्यंत बदल सोळा होतात, आकडे सतरा. पहिला सात प्रोग्रामात कोणीच मोजला नव्हता. आबांनी मोजला होता. आम्ही सगळ्यांनी तो लाभ ऐकला होता. कोणालाही तो जास्तीचा वाटला नाही. कानिफ तर तो ऐकतच मोठा झाला होता.

आबांच्याही ध्यानात आले.

"म्हंजे माज्यामुळं तुजी परीक्षा गेली."

"न्हाई. चूक माजी हुती. तुमी ती झाकली."

"मी कशाला झाकू?"

"तुमाला बराबर मोजता येतं म्हनून."

त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी कानिफने पुष्पावतीबाईंना पत्र लिहिले. मला वाचायला दिले. भाषा तपास म्हणाला. तपासण्यासारखे काही नव्हते. त्यात सवलत मागितलेली नव्हती. चुकलो, एवढे पहिल्या ओळीत होते. पुढे एक कोडे. 'सोबतचा अकरा कार्डांचा प्रोग्राम शेवगावच्या मशीनवर चालवला तर सातची साखळी सतरा येते. पुण्याच्या मशीनवर सोळा. शेवगावचे मशीन मोजण्यात कधी चुकत नाही. पुण्याचेही नाही. तर मग फरक कोणत्या क्षणी पडतो आणि का?'

जानेवारीत पहिल्या आलेल्याने आपला मान सोडला आणि फेब्रुवारीच्या कागदावर ते कोडे छापून आले. वर लिहिले होते, शेवगावचे कोडे.

मग पत्रे येऊ लागली. एकाने लिहिले, शेवगावच्या मशीनची कार्डे धुळीने चिकटत असतील. एकाने सात पाने गणित मांडले. फरक पहिल्या फेरीच्या आधी पडतो, एवढे तिघांना कळले. का, ते कोणालाच नाही. म्हणून मार्चलाही तेच कोडे राहिले. मुंबईच्या एकाने विचारले, तुमचे मशीन कोणत्या कंपनीचे, खण किती? कानिफने उत्तर पाठवले. खण तीन, वायर एक, आणि वायर बी.ए. झालेली आहे.

ते पत्र मी आबांना वाचून दाखवले. ते हसले. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन आवारात गेले.

मार्चमध्ये पुष्पावतीबाई स्वतः आल्या. नगरला त्यांची बहीण असे. तिथून सकाळच्या एसटीने. सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. चहा घेतला आणि म्हणाल्या, "मशीन दाखव."

कडुनिंबाखाली मांडामांड झाली.

"बाई, तुमी कोन व्हनार?" लालमहंमदने विचारले.

"कोणती जागा रिकामी आहे?"

"वायरीची. मास्तर दमलाय."

बाई वायर झाल्या. कानिफने आबांचा खण रिकामा केला. लालमहंमदने सात म्हटले. आबांनी चिंचोका ठेवला. "लाभ."

बाई आक्काबाईकडे निघाल्या होत्या. त्या मध्येच थांबल्या.

"परत," त्या म्हणाल्या.

परत केले. परत लाभ. बाई आबांसमोर उकिडव्या बसल्या.

"आजोबा, तुम्ही शून्य कधी म्हणता?"

"शून्याला माप कशाला घालायचं, बाई? रास नसली तर मापाड्याला कोन बोलवत न्हाई."

बाईंनी गोणपाटात बांधलेल्या तोलकाट्याकडे पाहिले. मग पिशवीतून वही काढून काहीतरी लिहिले. बराच वेळ लिहीत होत्या.

एसटी स्टँडवर आम्ही त्यांना सोडायला गेलो. गाडीला वेळ होता.

"तिसरं कोडं बाद झालं ते बादच," बाई म्हणाल्या.

"हो," कानिफ म्हणाला.

"मीच नियम केला. मीच मोडला तर ती सवलत उद्या कोणी खरी मानणार नाही."

"हो, बाई."

"जुलैच्या आधी तीन कोडी निघतील. एप्रिल, मे, जून. मी तेवढंच सांगू शकते." मग त्या म्हणाल्या, "तुझं कोडं चौदा जणांना सुटलं नाही. पंधरावी मी. तसं छापणार आहे."

गाडी गेल्यावर कानिफ हसू लागला. मी विचारले, काय झाले? तो म्हणाला, "सगळं पहिल्यापासून." त्यात दुःख नव्हते.

घरी त्याने आबांना सांगितले. तीन महिने, तीन कोडी, एकही चुकून चालणार नाही. आबांनी देवळीत हात घालून पणती बाजूला सरकवली. जागा केली.

एप्रिलच्या कोड्यातही मोजणी होती. आबांना सांगता आले असते की आता लाभ म्हणू नका. मी तसे सुचवले. कानिफने मान हलवली.

"आबांना कशाला बदलायचं? प्रोग्राम बदलू."

प्रोग्रामात प्रत्येक खणाला इंग्रजी अक्षरांत नाव द्यावे लागते. मोजणीच्या खणाला त्याने लाभ असे नाव दिले. पहिल्याच कार्डावर लिहिले, लाभ बरोबर एक. ती अक्षरे चौकटींत भरताना मी पाहत होतो. मशीन कडुनिंबाखाली चालवले. उत्तर पुण्यातही तेच आले. तसे पोस्टकार्ड आले त्या दिवशी आबांनी देवळीत एक चिंचोका ठेवला. "लाभ."

मेमध्ये दुसरा.

जूनचे कोडे वेगळे होते. आकड्यांची एक यादी द्यायची आणि तिच्यात एक विशिष्ट गोष्ट किती वेळा घडते ते सांगायचे. ती एकदाही न घडण्याची शक्यता होती. कानिफने प्रोग्राम लिहिला, पण मोजणी लाभापासून सुरू करायची की रिकाम्या खणापासून हे ठरेना, म्हणून पाठवायला तयार नव्हता. आठ दिवस झाले. लालमहंमदने तर सांगून टाकले, "आता आमीच गंजलो."

शेवटी पाट्या वाटल्या. कानिफ म्हणाला, "आबा, तुमचा खण रिकामा."

आबांनी फडके पुसले. मग हात वर तसाच धरून विचारले, "आज रास पडलीया का न्हाई अजून?"

कानिफने कागदाकडे पाहिले. मग आबांकडे.

"न्हाई पडली, आबा. पडंल का न्हाई तेबी म्हाईत न्हाई."

"मग मी गप बसतो. पडली की सांग."

यादीतला पहिला आकडा आला, गेला. दुसरा, तिसरा. आबांचा हात ढिगावर होता, पण चिंचोका उचलत नव्हता. सातव्या आकड्याला कानिफ म्हणाला, "वाढवा." तेव्हा आबांनी पहिला चिंचोका ठेवला आणि मान वर करून लाभ म्हणाले.

कानिफने त्याच दुपारी पाकीट बंद केले.

उत्तर बरोबर आले. देवळीत तीन चिंचोके झाले. सोबत परीक्षेचा फॉर्म होता. तो भरताना पदवीच्या रकान्यापाशी कानिफ थांबला. मग तिथे त्याने एक आडवी रेघ मारली. जुलैत परीक्षा झाली. बसलेल्या एकवीस जणांत तो सहावा आला. जागा सहा होत्या.

ऑगस्टपासून कानिफ पुण्यात आहे. मी अजून पुढच्या खोलीत आहे, आणि आबांना त्याची पत्रे वाचून दाखवतो. दिवाळीनंतर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांना तिकडे न्यायचे ठरले आहे. आवारात थोडी बाजरी येऊ लागली आहे. लालमहंमदला आता आमच्याशी बोलायला वेळ नसतो.

काल पत्र आले. केंद्रात कोणीही नवा प्रोग्राम लिहिला की आधी तो माणसांवर चालवायचा, असे पुष्पावतीबाईंनी ठरवले आहे. त्यांनी पाट्या विकत आणल्या. जेवणाच्या सुट्टीत प्रोग्रामर लोक जिन्यात ओळीने बसतात. वायर व्हायला कोणी तयार नसते. शेवटी लिहिले होते, इथे चिंचोके मिळत नाहीत. एसटीच्या पार्सलने पायलीभर पाठवा.

आबांनी मला डालडाचे रिकामे खोके आणायला सांगितले. पायली माळ्यावर होती, तीही काढायला लावली. आक्काबाईने सुपात चिंचोके पाखडून दिले. खोके मी धरले.

"एकच पायली मागितलीय, आबा," मी म्हणालो. "मोजायचं काय त्यात?"

"तू धर खोकं," ते म्हणाले. त्यांनी पायली ढिगात घातली, वरून तळहाताने सपाट केली आणि खोक्यात ओतली.

"लाभ."

मग त्यांनी दुसरी भरायला घेतली.